एका दाराची वस्ती

"पत्ता दाराचा असतो, माणसाचा नसतो."

सोमनाथ कडुबा हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा, कोणी विचारलेलं असो वा नसो. चहाची बशी तोंडाला लावताना म्हणायचा, खांबावर चढून तार ओढताना वरूनच म्हणायचा, आणि म्हणून झालं की समोरच्याच्या टाळक्यात काही शिरलं का ते बघत थांबायचा. शिरलं नसेल तर त्याला बरंच वाटायचं. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला मिळायचं.

आमची खडकवस्ती जालना रोडपासून दीड किलोमीटर आत, करमाड आणि शेंद्र्याच्या मधे. घरं एकेचाळीस. जुन्या काळी पोस्टमन करमाडहून सायकलवर यायचा, पण वस्तीतल्या कुत्र्यांना भिऊन आत शिरायचा नाही. वस्तीच्या तोंडाशीच सोमनाथच्या बापाचं, कडुबाचं घर. सगळ्यांची पत्रं तिथं टाकायचा, जाणारी पत्रं तिथूनच उचलायचा आणि माघारी फिरायचा. त्यामुळं बाहेरगावी कामाला गेलेली आमची माणसं पत्रावर नाव कोणाचंही घालोत, खाली लिहायची 'द्वारा कडुबा'. कित्येकदा तर वर नावही नसायचं. 'आईस मिळे, द्वारा कडुबा' एवढंच. आता वस्तीत आया पंचवीस. कोणत्या आईस द्यायचं?

कडुबाला अक्षर येत नव्हतं. सोमनाथ तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत. पण पोराच्या ध्यानात असायचं की गेल्या आठवड्यात सुरतेला पत्र कोणत्या घरातून गेलं होतं. सुरतेहून उत्तर आलं की तो बरोबर त्याच दारात जाऊन उभा राहायचा. कधी चुकला नाही. कडुबानं त्याला एकच शिस्त लावली होती: दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही आणि फाडायचं नाही. आत बातमी मरणाची असली तरी नाही.

पुढं शेंद्र्याला कारखान्यांची वसाहत वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आली. सोमनाथचं चार एकर रान तारेच्या कुंपणाच्या पलीकडं गेलं. कुंपणाच्या आत हिरवळ, तिला रोज पाणी. कुंपणाच्या अलीकडं आम्ही. कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली नाही. मग तो शहरात जाऊन तारा पुरायच्या टोळीत शिरला. त्या वर्षांत शहर चारी अंगांनी सुटलं होतं. बीड बायपासला, शहराजवळच्या सातारा डोंगराच्या पायथ्याला, जिथं काल ज्वारी उभी होती तिथं आज प्लॉट पडायचे. नळ यायच्या आधी तिथं इंटरनेटची तार यायची. सोमनाथ म्हणायचा, "लोकांला प्यायला पाच दिवसाआड मिळतंय, पण बघायला चोवीस तास पाह्यजे."

तार ज्या कंपनीची, तिचं ऑफिस उस्मानपुऱ्यात होतं. तिथं वरद नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, पिढीजात शहरातला, माणसाला समजावून सांगायची हौस असलेला. एका दुपारी त्यानं सोमनाथला बत्त्या लुकलुकणारी एक पेटी दाखवली.

"सोमनाथ, जोडणी म्हटली की तिला एक आकडा लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणायचं. चार आकडे, मधे टिंबं. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत."

"म्हंजे पत्ता."

"पत्ताच. तू फोनवर काही मागितलंस की मागणीबरोबर तुझा आकडा जातो. म्हणून उत्तराला कळतं, परत कुठं यायचं ते."

"अन् एवढ्या जगाला पुरतात व्हय आकडे?"

"नाही पुरत. चारशे कोटींच्या वर होते, वाटून संपले. नवे लांबलचक आकडे काढलेत, पण सगळीकडं पोचले नाहीत अजून."

सोमनाथ मोठ्यानं हसला. "आयला! पत्त्यांचा बी दुष्काळ!"

"म्हणून तर एका आकड्याच्या मागं अख्खी बिल्डिंग बसवतो आम्ही. बाहेरच्या जगाला दिसणारा आकडा एकच. आतल्या घरांना वेगळे आकडे द्यायचे, ते फक्त आतल्या आत चालतात. ही पेटी मधे बसते. कोणत्या घरानं काय मागितलं ते लक्षात ठेवते, आणि उत्तर आलं की त्याच घरी पोचवते."

सोमनाथनं पेटीवर हात ठेवला. मग म्हणाला, "साहेब, ह्ये काम तर म्या तिसरीत असल्यापासून करतो."

त्या दिवसापासून त्याचं वाक्य तयार झालं असावं.

सन दोन हजार पंधराला त्यानं वस्तीत इंटरनेट आणलं. कंपनीची जोडणी त्याच्या एकट्याच्या नावावर. कडुबाच्या माळवदावर एक छोटी तबकडी, करमाडच्या टॉवरकडं तोंड करून. खाली भिंतीतल्या देवळीत पेटी. तिथून एकेचाळीस घरांना तारा. पुन्हा सगळी वस्ती 'द्वारा कडुबा' झाली.

आणि इथंच त्यानं ते केलं, जे दुसऱ्या कोणत्याही गावात कोणी केलं नसतं.

तेराच्या दुष्काळात टँकरवर डोकी फुटली होती. तेव्हा वस्तीनं चिठ्ठ्या टाकून घरोघरच्या ड्रमांना नंबर दिले होते. ड्रम त्या नंबरानं ओळीत लावायचे. टँकरवाला टाकीवर उभा राहून वरून पाइप सोडतो, त्याला दिसावा म्हणून नंबर झाकणावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं. घराचं आडनाव विसरेल, पण ड्रमाचा नंबर पाळण्यातल्या पोरालाही पाठ. सोमनाथनं पेटीत घरांना आतले आकडे देताना तेच नंबर घातले. तात्यासाहेबांचा ड्रम चौदा, तर त्यांच्या घराचा शेवटचा आकडा चौदा. भागूबाईचा ड्रम तेवीस, तर त्यांचा तेवीस.

वरदनं फोनवर त्याला सांगून पाहिलं. "अरे, पेटीला वाटू दे ना आकडे आपोआप. रोज बदलले तर काय बिघडतं?"

"बिघडतंय साहेब. रोज घर बदलणाऱ्याला कोणी पोरगी देतंय का?"

वर त्यानं पेटीला नोंद ठेवायलाही लावलं: कोणत्या आकड्यावरून, किती वाजता, कुठं मागणी गेली. वस्तीत नेट मंद झालं की भांडण ठरलेलं. मग सोमनाथ नोंद उघडायचा आणि म्हणायचा, "तात्यासाहेब, सकाळपासून कुस्त्या कोण बघतंय ते सांगू का?" तात्यासाहेब फोन खिशात घालायचे. सोमनाथला या नीटनेटकेपणाचा मोठा अभिमान होता. कडुबाच्या हातून कधी पत्र चुकलं नाही, आपल्या हातून आकडा चुकणार नाही.

सोळाचा उन्हाळा आला तो तिसरा कोरडा उन्हाळा होता. विहिरींच्या तळात ओल उरली नव्हती. कागदावर वस्तीला टँकरच्या पाच खेपा मंजूर, प्रत्यक्षात यायच्या दोन. टँकर चालवायचा अंकुश, भागूबाईचा मुलगा. मोठ्या ठेकेदाराकडं पगारी. खेपांच्या पुस्तकात रोज पाच सह्या करायच्या आणि तोंड बंद ठेवायचं, अशी ती नोकरी.

एका दिवशी टँकरच्या तक्रारींच्या एका पानावर, इंटरनेटवर, त्या पुस्तकाचा फोटो आला. पाच खेपा, पाच सह्या. खाली एक ओळ: 'खडकवस्तीत दोनच येतात. उरलेलं पाणी कोण पितं?' लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. फोटो हजारो लोकांनी पाहिला. शहरातून हुकूम निघाला की येत्या गुरुवारी अधिकारी येतील, लोकांसमोर खेपांचं पुस्तक तपासतील. ठेकेदारानं लगेच पोलिसांत तक्रार दिली की फोटो बनावट आहे, आपली बदनामी झाली आहे.

पोलिसांनी ते पान चालवणाऱ्यांकडून फोटो टाकणाऱ्याचा आकडा मागवला. आकड्यावरून कंपनी सापडली. कंपनीनं आपली वही पाहिली आणि सांगितलं, ही जोडणी सोमनाथ कडुबा यांच्या नावे.

नोटीस शुक्रवारी आली. सोमनाथनं दार लोटून घेतलं आणि पेटीची नोंद उघडली. नोटिशीतली वेळ गेल्या आठवड्यातल्या बुधवारची, सकाळी अकरा चाळीस. त्या वेळी त्या पानावर मागणी गेलेला आकडा एकच होता. तेवीस.

अंकुश त्या वेळी टँकरवर असतो. भागूबाईला फोन धरता येत नाही. उरली सून, मोनिका, बारावी शिकलेली.

नोंद पुसायला एक बटण पुरे होतं. त्याचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. पुढं त्यानं मला सांगितलं, "माह्या बापानं मरणाचं पत्र फाडलं नाय कधी. म्या कसं फाडू?" मी त्याला शहाणा म्हटलं नाही आणि मूर्खही म्हटलं नाही.

शनिवारी तो पेटी पिशवीत घालून शहरात गेला. चौकशी करणाऱ्या फौजदारीणबाई होत्या, नीरजा मॅडम. आवाज शांत, कपाळावर आठी नाही. अशा माणसासमोर खोटं बोलणं फार अवघड.

"हा आकडा तुमचा?"

"दाराचा हाय, मॅडम. माणसाचा नाय." आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुरतेचं पत्र, एक दार, एकेचाळीस घरं, ड्रमाचं तेवढं सोडून.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "छान सांगता. म्हणजे दाराच्या आत कोण होतं, ते या पेटीत असेल."

सोमनाथ रिकाम्या पिशवीचे बंद गुंडाळू लागला.

"असेल का?"

"असतंय."

"आणि घरांचे आकडे कोणी घातले?"

"म्याच. हातानं घातले. एक बी चुकला नाय." हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो.

"मग सांगा, कोण होतं?"

"आठवत नाय."

मॅडम थोड्या हसल्या. "हातानं घातलेले एकेचाळीस आकडे, एकही चुकला नाही, आणि आठवत नाही." त्यांनी पेटीवर सील मारलं. "दोन-तीन दिवसांत तज्ज्ञ उघडतील. आधी सांगितलंत तर तुमचाच हेलपाटा वाचेल."

तो परतला तेव्हा वस्तीचं नेट बंद पडलेलं होतं. पीकविम्याचे अर्ज अडले, पोरांच्या परीक्षेचे अर्ज अडले. नातवंडं फोनवर दिसेनाशी झाली. पेटीविना वस्ती जगातून पुसल्यासारखी झाली.

"काय रे सोमनाथ," तात्यासाहेब पारावरून म्हणाले, "तुह्या त्या दाराला कुलूप लागलं म्हणं?"

"लागलं तात्या."

"मंग चावी दे ना त्यांला. कोण हाय त्याचं नाव सांग अन् मोकळा व्हय."

"कुस्त्या बघायच्या राहिल्या व्हय तुमच्या?"

लोक हसले, पण ते हसणं त्याच्या बाजूचं नव्हतं. भागूबाई तर भर रस्त्यात त्याला आडवी झाली. म्हातारी काटक, जिभेनं बाभळीचा काटा. "बापानं वस्तीची पत्रं सांभाळली, अन् लेकानं वस्ती नेऊन चौकीत ठेवली! कोणाला झाकतो रे? कोण लागतो तो तुहा?"

सोमनाथ तिला वळसा घालून पुढं गेला. काय सांगणार? ती ज्याला शिव्या घालत होती ते तिच्याच घरात भाकरी थापत होतं.

घरी त्याची बायको गीताबाई म्हणाली, "तुमाला ठावं हाय कोण ते."

"कशावरून?"

"दोन दिस झाले, कोरड्यास न घेता नुसती भाकरी खाता तुमी."

सोमवारी दुपारी मोनिका विरजण मागायला रिकामी वाटी घेऊन आली. गीताबाई आत गेली तशी ती दारातच बसली.

"भाऊजी, ते म्या केलं."

"ठावं हाय मला."

"तुमाला आकडा दिसला?"

"दिसला."

ती वाटीकडं बघत म्हणाली, "ह्यांनी पुस्तक घरी आणलं व्हतं. सह्या करून आले की ह्ये कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाय हो. म्या फोटो काढला अन् टाकला. मला वाटलं नाव नाय घातलं तर कोणाला कळतंय."

"नाव नाय घातलं तरी आकडा जातो, पोरी. आकड्याबिगर पाऊल निघत नाय बाहेर."

"म्या जाऊन सांगते मॅडमला."

"अन् अंकुशचं? नाव फुटलं की सांजपतुर ठेकेदाराला कळंल. पुस्तक काढून घेतील, अन् म्हणतील, खोट्या सह्या ड्रायव्हरनंच केल्या. पाणी त्यानंच विकलं. गुरुवारी अधिकाऱ्यासमोर पुस्तक उघडलं, तर गोष्ट वेगळी. लोकांसमोर उघडलेलं पुस्तक कोणाला बदलता येत नाय. तवर गप ऱ्हा."

"अन् तुमी?"

सोमनाथ उठून रिकाम्या देवळीतली धूळ पुसू लागला. गीताबाई विरजण घेऊन आली. मोनिका उठून गेली, वाटी तिथंच राहिली.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला टँकर मागच्या गाडीवाटेनं आला. ड्रम ओळीनं लागलेले, एक ते एकेचाळीस, पांढरे नंबर उन्हात चमकत होते. अंकुश टाकीवर चढून पाइप सोडत होता. आठवा ड्रम भरत होता तेव्हा रस्त्यावर धूळ दिसली. गाडी आत येईना, कारण कारखान्यांच्या नव्या पाइपलाइनसाठी समोरचा रस्ता उकरून ठेवलेला. गाडी जालना रोडलाच सोडून नीरजा मॅडम आणि एक हवालदार चालत आले. मॅडमच्या हातात एक कागद होता.

सोमनाथ आपल्या दाराशी होता. त्याला वाटलं होतं, सरकारी दोन-तीन दिवस म्हणजे पाच-सहा, गुरुवारपर्यंत पेटी उघडणार नाही. त्याचं तोंड पाहूनच मला कळलं, उघडली.

"सगळे इथंच आहात, बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "त्या सकाळचा आतला आकडा मिळाला आहे. शेवटचा आकडा तेवीस. तेवीस कोणत्या घराचा आकडा?"

पाइपचं पाणी ड्रमात पडत होतं, तेवढाच आवाज. एकेचाळीस घरांची माणसं उभी होती, आणि प्रत्येकाला तेवीस कोणाचा ते ठाऊक होतं. कोणी तो पेटीतून शिकलं नव्हतं. तेवीस लिहिलेलं झाकण मॅडमपासून सात-आठ पावलांवर होतं. त्यांनी मान वळवून वाचलं असतं, तर त्या ड्रमातलं पाणी कोणत्या घरात जातं एवढंच बघायचं उरलं असतं. सगळ्यांचे डोळे एकदम जमिनीवर गेले. तिकडं बघणं म्हणजेच सांगणं होतं.

अंकुश वर टाकीवर पांढराफटक उभा. पाणी ड्रमाच्या बाहेर सांडू लागलं, तरी कोणी ओरडलं नाही. दुष्काळात सांडणारं पाणी बघत वस्ती गप्प राहिली, हे मी त्या एकाच वेळी पाहिलं.

भागूबाईनं आधी दारातल्या सुनेकडं पाहिलं. मग मुलाकडं. तिच्या तोंडावरून काय काय गेलं ते मला लिहिता येणार नाही. मग ती तरातरा चालत गेली, शेजारच्या धोंड्यावर पाय दिला आणि तेवीस नंबरच्या ड्रमावर चढून मांडी घालून बसली. लुगड्याचा घोळ झाकणावर पसरला.

हवालदार हसला. "आजी, पडशील ना!"

"पडले तर तू हायेस की झेलायला. पाय दुखायलेत, बसू बी नको?"

मॅडमनी पुन्हा विचारलं, "तेवीस कोणाचा?"

"माझा," सोमनाथ म्हणाला.

"तुमचा?"

"व्हय. फोटो म्याच टाकला."

"शनिवारी आठवत नव्हतं."

"भ्यालो व्हतो."

मॅडमनी हातातला कागद दुमडला. "पेटीत त्या घरच्या फोनचीही खूण आहे. तुमच्या फोनशी ताडून पाहणार आम्ही. आठ दिवस लागतील, पण खोटं असेल तर उघडं पडेल. आणि खोटा जबाब हा वेगळा गुन्हा आहे. विचार करून सांगा."

"आठ दिस लागतील?"

"लागतील."

"मंग लिहा, मॅडम. म्याच केलं."

आता सुटका कोणत्याच बाजूला नव्हती. गुरुवार निघून जाईल, पुस्तक उघडेल, पण त्यानंतरही आकडा तेवीसच राहणार होता. आणि तो किती पक्का आहे ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यानंच तो तसा बसवला होता.

त्यानं फोन काढून मॅडमच्या हातात दिला. गीताबाईनं आतून टोपी आणून दिली. देताना टोपीवरची धूळ दोनदा झटकली. तात्यासाहेब पुढं आले, म्हणाले, "सोमनाथ, दुपारच्या गाडीनं म्या येतो रे शहरात."

"कशाला तात्या? उन्हाचं."

तो निघाला. पुढं मॅडम, मागं हवालदार, मधे तो. उकरलेल्या चरीच्या कडेनं, मातीच्या ढिगांवर पाय जपून टाकत. चरीत काळे जाड पाइप पडले होते, कारखान्याकडं तोंड करून. मोनिका दारात उभी राहून बघत होती, चौकटीला धरून. मी बघत होतो.

अंकुशनं हात चालवायला सुरुवात केली. बावीस भरला. पाइप पुढं आला. भागूबाई उठली नाही. चरीच्या वळणावर हवालदारानं दोनदा मागं वळून पाहिलं. अंकुशनं आईकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि पाइप चोविसाव्या ड्रमात गेला.

टँकर रिकामा होऊन निघून गेला. तरी म्हातारी ड्रमावर तशीच उन्हात बसून होती, कोरडी, सोमनाथची टोपी जालना रोडला लागून दिसेनाशी होईपर्यंत.